मदरच्या दिवशी गाळलेलं वाक्य

सिस्टर, तुम्ही गेल्याचं मला वर्षभराने कळलं, तेही शाळेच्या ऑफिसात कुणीतरी बोलता बोलता सांगितलं म्हणून.

आमच्या वेळी व्हरांड्यात मदरचा फोटो होता. तुमचा धर्मभगिनींचा संघ स्थापन करणाऱ्या त्या परदेशी बाई दारोदार फिरून मुलींना शाळेत आणायच्या, एकीलाही सोडायच्या नाहीत, असं तुम्ही दरवर्षी मदरच्या दिवशी सांगायचात. सातवीत माझ्या बाकावरची मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर बोर्डिंगला परतली नाही, तेव्हा तुम्ही मला बरोबर घेऊन तिच्या घरी निघालात. मी त्याच भागातली, वाट मला ठाऊक होती. तळेघरला एसटीतून उतरून आपण दीड तास चाललो. भातं निघालेली, खाचरं मोकळी. तुमची पांढरी साडी धुळीने माखलेली. ती दारातच उभी होती, खांद्याशी महिन्याभराचं बाळ. आई बाळंतपणात गेली होती; आपल्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तुम्ही तिच्या वडिलांना म्हणालात, "हुशार आहे हो पोरगी. निदान सातवी तरी करू द्या."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "लई हुशार हाय, मला म्हाईत न्हाई का? पर हिला नेलीत तर ह्याला कोण बघंल? तुमी ऱ्हाता का हितं?"

तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन ते झोपेपर्यंत बसून राहिलात. ती मला एवढंच म्हणाली, "माजी भूगोलाची वही तुझ्याकडं ऱ्हायली ना? तूच ठिव."

परतताना मी विचारलं, "सिस्टर, मदर असत्या तर तिला घेऊनच आल्या असत्या ना?" तुम्ही पदरावरची धूळ झटकलीत. मग म्हणालात, "त्यांनाही कितीदा रिकाम्या हातानं परतावं लागलं असेल गं. पुस्तकात ते लिहीत नाहीत."

आता मी त्याच शाळेत शिकवते. मदरच्या दिवशी तुमचीच गोष्ट सांगते आणि ते रिकाम्या हातांचं वाक्य गाळते. यंदा पारगावच्या कारखान्यावर आलेल्या ऊसतोड टोळीतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. ती यायची बंद झाली. मी गेले तर टोळीच्या पाचटाच्या कोप्या मोडलेल्या, चुलींची राख तेवढी उरलेली. शेजारच्या मळ्यातली बाई म्हणाली, "कालच गेली की टोळी, बाई. पोरगी सकाळपासनं रस्त्याकडं बघत बसली व्हती." कुठे गेली, तिला सांगता येईना. कारखान्यावर विचारलं, तिथेही पत्ता नव्हता.

मी तिला शोधायला गेले म्हणून शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं. आताच्या मोठ्या सिस्टर प्रार्थनेच्या वेळी म्हणाल्या, मदरचा वारसा असा चालतो. मी मान खाली घालून उभी होते. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी गेले त्याआधी ती मुलगी चार दिवस आली नव्हती, सिस्टर. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. मी पेपर तपासत बसले.