लाइफ जॅकेटच्या कप्प्याचं दार

बाबा,

मी मानोलीसकाकांच्या, समुद्रातले स्पंज काढायच्या बोटीवर चाललेय. लाइफ जॅकेटच्या कप्प्याला तुम्ही काल पहाटे बसवलेलं दार काढून माझं बसवणार आहे.

दाराच्या प्लॅस्टिकच्या शीटला मी चारही बाजूंनी फट ठेवली होती. "फटीतून समुद्र आत येईल," म्हणून तुम्ही माझी मापं खोडलीत आणि सागवानी दार बसवावं तसं घट्ट बसवलंत. लाकूड पाण्याने फुगतं बाबा, हे प्लॅस्टिक उन्हाने फुगतं. दुपारी ते असं अडकलं की काकांना पहारीने उचकटावं लागलं. बोट धक्क्याला होती म्हणून निभावलं. पाणी अडवायला रबराची पट्टी असते. ती तुम्ही कचऱ्यात टाकली होतीत, मी धुऊन घेतलीय.

आणि वर कॉफीच्या दुकानात चारचौघांत म्हणालात, "पोरीचं माप चुकलं." काल मी ऐकून घेतलं. आज नाही.

मसुराचं सूप चुलीवर आहे, व्हिनेगर वरून घाला.

माझं दार बघायचं असेल तर भर दुपारी या, करंगळीने उघडून दाखवते. सकाळी येऊ नका. सकाळी तुमचंही उघडत होतं.

एव्दोकिया