काळा उतरवताना

शनिवार, ८ नोव्हेंबर

सत्यानाश! रंगाच्या डबीवर 'गडद तपकिरी' लिहिलंय आणि माझं डोकं — कोळसा. चकचकीत कोळसा! पंचवीस मिनिटं ठेवा असं लिहिलं होतं, मी पाऊण तास ठेवला. का, तर पांढरे हट्टी आहेत म्हणून. शिवाय नुसत्या मुळांना लावायचं सोडून पार टोकांपर्यंत थापला. कपाळावर डाग, कानांवर डाग. लेक म्हणाली, "आई, तो टोप काढ की आता!" ती हसली. मला रडू आलं.

सतराला नोकरी सुरू. डोळ्यांच्या दवाखान्यात, नोंदणीच्या काउंटरवर. अकरा वर्षांनी! पहिल्याच दिवशी ओळखपत्राचा फोटो काढणार आहेत. जरा तरतरीत दिसावं, एवढंच मनात होतं.

सासूबाई न्हाणीघराच्या दारात येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "ओला असताना रंग बघू नये. वाळू दे." बस. ना हसल्या, ना रागावल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

वाळले. आणखी काळे.

ह्यांनी शोध लावला — "अगं, वरून फिकट रंग लाव!" आणि खरंच जाऊन डबी घेऊन आले. सासूबाईंनी ती शांतपणे हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवली. "रंगावर रंग चढवला तर गडदच होतो. आधी हा उतरवायला हवा."

मग मला खिडकीपाशी बसवलं. दिवा बंद केला! "दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात." एकेक बट बोटांत धरून बघत होत्या. दोन बोटांच्या चिमटीत केस फिरवायच्या, सोडायच्या. "मुळाशी कमी प्यायलाय. टोकं कोरडी, त्यांनी जास्त प्यायला."

मी थक्क. कापडगिरणीत होत्या हे माहीत होतं. पण काय काम करायच्या हे एकोणीस वर्षांत विचारलंच नाही. मला वाटायचं घड्या घालत असतील. आज कळलं — सव्वीस वर्षं रंगखात्यात!

सोमवार, १० नोव्हेंबर

आज आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा.

मानेमागून, दिसणार नाहीत असे थोडे केस कापले. त्यांच्या पाच जुड्या, प्रत्येकीला दोरा. ओट्यावर पाच वाट्या. एकीत साधा शाम्पू, दुसरीत कोंड्याचा, तिसरीत कोमट तेल, चौथीत खायचा सोडा. पाचवी लेकीची. तिने मोबाईलवर वाचलं होतं की सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून कोंड्याच्या शाम्पूत कालवतात. मला वाटलं, सासूबाई उडवून लावतील. छे! "असेल. गिरणीतही फिकट करायची पावडर असायची. ती काही डोक्याला चालायची नाही, पण ही खायची गोळी आहे. बघू." सत्तर वर्षांची बाई, अठरा वर्षांच्या नातीचं ऐकते, वर तिलाच घड्याळ लावायला सांगते.

मी घाई करत होते — "आई, सरळ डोक्यालाच लावून बघू ना." तर म्हणाल्या, "कापडाचं थान बिघडलं तर गिरणीचं नुकसान व्हायचं. इथे तुझं डोकं आहे. आधी नमुना."

अर्ध्या तासाने पाचही जुड्या धुऊन, वाळवून, पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या. सोड्याने रंग थोडा गेला, पण केस काथ्यासारखे! ती वाटी लगेच ओतून दिली. तेलाने आणि नुसत्या शाम्पूंनी काही नाही. गोळ्यांची जुडी — तपकिरी! अगदी थोडी, पण तपकिरी. लेकीने उडीच मारली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पहिला हात. ट्यूबभर शाम्पू, मूठभर गोळ्यांची पूड. हातमोजे घालून त्यांनी स्वतः लावलं. टोकांपासून सुरुवात, मुळं शेवटी. "जिथे जास्त आहे तिथे जास्त वेळ." धुताना पाणी तांबूस काळं! इतका आनंद मला लेकीच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

कपाळावरचे डाग तेलाच्या बोळ्याने गेले. कानामागे एक राहिलाय. राहू दे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज नाही म्हणाल्या. टाळू लाल दिसतेय. मी हट्ट केला, पाच दिवस उरलेत म्हटलं. ऐकलं नाही. खोबरेल चोळून दिलं आणि वर दम — "आरशात बघू नकोस सारखी."

बघितलं. अकरा वेळा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुसरा हात. आज बोलल्या थोड्या. मी मान खाली घालून बसलेली, त्यामुळे असेल. समोरासमोर आम्ही दोघी कधी फार बोललोच नाही. भांडण नाही, पण बोलणंही नाही.

म्हणाल्या, रंगांना नावं नसायची, नंबर असायचे. चौदा म्हणजे ओल्या विटेचा, बावीस म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा. नवीन माणूस वजनकाट्यावर रंग मोजायचा, सासूबाई हौदाच्या वाफेकडे बघून सांगायच्या, "अजून नाही." एकदा चाळीस थानं डागाळली. साहेब म्हणाले, फेका. सासूबाईंनी तीन दिवसांत रंग उतरवून ती पुन्हा रंगवली. एकही परत आलं नाही.

"तुम्हाला कोणी शाबासकी दिली?"

"पुढची चाळीस दिली," म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्या गालाला खळी पडते! मला माहीतच नव्हतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तिसरा आणि शेवटचा हात. टोकं मात्र काळी ती काळीच. त्यांनी विचारलं, "दोन इंच जाऊ देशील?" मी हो म्हटलं. कापडाच्या मोठ्या कात्रीने, एका रेषेत, सर्रकन कापली. पार्लरवालीसुद्धा चार वेळा मोजते.

मग वाळू दिले. मग खिडकीपाशी. लेक, हे, सगळे गोळा झाले. सासूबाई दोन पावलं मागे गेल्या, डोळे बारीक केले. बराच वेळ.

"बावीस," म्हणाल्या.

मी आरशात बघितलं. मीच होते! रंगवलेली नाही, नुसती बरी झोप झालेली मी. हे म्हणाले, "माझी डबी वाया गेली म्हणायची." लेकीने त्यांना उशी फेकून मारली.

सासूबाई तोवर न्हाणीघरात जाऊन बादली घासायला लागल्या होत्या. मी हातातून ओढून घेतली.

रविवार, १६ नोव्हेंबर

संध्याकाळी उद्याच्या साडीला इस्त्री करत होते. सासूबाई शेजारी फॉल टाचत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही तिथे रंगमास्तरच व्हायला हव्या होतात."

"होणार होते. बढतीचं पत्रही हातात आलं होतं."

"मग?"

"तुझी रजा संपत आलेली. पोर जेमतेम तीन महिन्यांची. कोणीतरी घरी लागणारच होतं. आणि तुला कामाची आवड होती."

दोरा दाताने तोडला आणि पुढचा टाका घातला.

मी पुढे सात वर्षं नोकरी केली. मग एका दुपारी साहेबांवर चिडून राजीनामा फेकला आणि घरी आले. दार त्यांनीच उघडलं होतं. "आलीस? हातपाय धू, चहा ठेवते." एवढंच म्हणाल्या होत्या.