तिसरी गाडी

प्रिय डेटलेफ,

"तीन गाड्या असल्या तर शर्यत, दोन असल्या तर नुसता पाठलाग आणि एकच असली तर रविवारचा फेरफटका." हे तू म्हणाला होतास, बावीस वर्षांचा असताना, हनुवटीला मोहरीची चटणी लागलेली, हातात अर्धा सॉसेज. पप्पा इतके हसले होते की त्यांच्या हातातली पेट्रोलची नळी हलली आणि त्यांनी तुलाच शिवी घातली. तेव्हा आपल्या सगळ्यांत लहान इंजिनांच्या गटात सव्वीस गाड्या होत्या. सहा संघांत मिळून एक खोली आणि एक पंप. कोण कुणाची गाडी भरतोय याचा पत्ता नसायचा. तुझ्या आईच्या भल्या मोठ्या पातेल्यातलं किसलेल्या बटाट्याचं भाजलेलं डेपेकोखं सगळे उभ्या उभ्या खायचे. वर सफरचंदाचा गर कुणी वाढायचा यावर मात्र भांडण.

सहा वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. आडेनाऊच्या बाजारात तू दिसलास की मी चीजच्या दुकानात शिरते. घरात इतकं चीज साठलं आहे की माझी लेक लेने विचारते, "आई, उंदीर पाळलेत का?" ती आता एकवीस वर्षांची झाली. आम्ही दोघी पाळीपाळीने पप्पांची गाडी चालवतो. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. टायर गारठलेले असताना गाडीला कसं जपायचं ते तिला उपजत कळतं, तुला कळायचं तसं.

आमच्याकडची बातमी म्हणजे यादी लहान होत चालल्याची बातमी. आपल्या जुन्या खोलीत आता एका कारखान्याच्या संघाचे संगणक असतात. मुलं फार सभ्य आहेत, आम्हाला कॉफी देतात, पण पंप देत नाहीत. त्यांचे स्वतःचे टायर असतात, गरम राहावेत म्हणून ब्लँकेटात गुंडाळलेले. आम्ही मागच्या कुरणात तंबू ठोकतो. नाव नोंदवायची फी दुप्पट झाली. गाडीत एक डबी बसवावी लागते, ती संघटनेला आमची प्रत्येक हालचाल कळवते, आणि तिचं भाडं आम्हीच भरायचं. सीटची मुदत संपते, पट्ट्यांची संपते, पेट्रोलच्या टाकीची संपते, मग तुम्ही ती वापरा की कोठारात झाकून ठेवा. या साऱ्यात वाईट कुणीच नाही, हेच मला सहन होत नाही. तपासणीचा माणूस स्वतः हळहळला. "आने, टाकी चांगली आहे गं, पण तारीख वाईट आहे." कुणावर ओरडायचं?

तर गटात उरलो दोघे. आम्ही, आणि मायेन गावचा बेकरीवाला ओट्टमार. तो पहाटे तीनला पाव भाजतो आणि मग शर्यतीला येतो, म्हणून त्याची गाडी खमिराच्या वासाची असते. संघटनेनं पत्र पाठवलं आहे. या शनिवारच्या शेवटच्या शर्यतीत तीन गाड्या सुरुवातीच्या रेषेवरून गेल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी हा गट राहणार नाही. गट नसेल तर पप्पांच्या गाडीला उतरायला जागाच नाही. मोठ्या गटात घालायची तर ती नवीन बांधावी लागेल, आणि मग ती पप्पांची उरणार नाही. मी सव्वीस जणांपैकी ज्यांचे फोन लागले त्यांना विचारलं. एकानं गाडी विकून कॅराव्हॅन घेतली आहे. एक वारला, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. मी शर्यतीचं विचारायला फोन केला होता हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.

पप्पा चौऱ्याहत्तरचे आहेत. हात थरथरतात, डावा जास्त. नटबोल्ट त्यांच्या बोटांतून पडतात आणि ते माझ्याकडे न बघता म्हणतात, "हल्ली लोखंड गुळगुळीत करतात." मी वाकून उचलून देते. रोज सकाळी ते गॅरेजमध्ये जाऊन इंजिन दहा मिनिटं चालवतात, मग तिथेच बसून राहतात. आणि रोज संध्याकाळी ब्रेड कापताना विचारतात, "किती झाले गं?" मी दोन म्हणत राहिले. गेल्या मंगळवारी त्यांनी विचारलं तेव्हा सुरी त्यांच्या हातात थरथरत होती, आणि मी म्हणाले, "तीन."

"तिसरा कोण?"

तुझं नाव माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. दुसरं कुठलं नाव तिथे नव्हतंच, बहुतेक. त्यांनी सुरी खाली ठेवली. "डेटलेफ! आला का गाढव परत," म्हणाले, आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी, कुंपणावरून चालकाला वेळा दाखवायची फळी काढून तिच्यावर तुझा नंबर रंगवला, त्यातला चारचा आकडा वाकडा झाला आहे. आणि मग म्हणाले, "आपला जुना गिअरबॉक्स त्याला आधीच देऊन ठेव. त्याचा ऐन वेळी जातो. बाकाखाली आहे बघ, घोंगडीत."

डेटलेफ, तो तिथेच होता. सहा वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारीही तिथेच होता. सरावात तुझा गिअरबॉक्स गेला, आणि तू दारात येऊन म्हणालास, "आने, काकांचा जुना गिअरबॉक्स आहे का गं?" आपल्यात असं कुणी नाही म्हणत नाही. उद्या ज्याला हरवायचं त्यालाच आज सुटा भाग द्यायचा, हा आपला शिरस्ता. पण आम्ही तुझ्या चारच गुणांनी पुढे होतो, पप्पांना आयुष्यात एकदाही जेतेपद मिळालं नव्हतं, आणि ते तेव्हा चालकांच्या बैठकीला गेले होते. मी यादी पाहिली होती. चार नावं. तू नसलास तरी गट धरायला लागणाऱ्या तीन गाड्या उरतात, असा मी हिशेब केला. मी म्हणाले, "विकला रे. वसंतातच विकला." तू बाकाकडे पाहिलंस. घोंगडीचं टोक बाहेर आलं होतं. तू म्हणालास, "बरं. मग उद्या काका जिंकले की माझ्या वाटची बिअर तूच पी."

सकाळी चौथे आलेच नाहीत, टायरचे पैसे जमले नव्हते. यादी वाचली, कुरणात जाऊन गाड्या मोजल्या नाहीत, इतकी वर्षं यात काढून मी ही चूक केली. दोनच गाड्या. गट त्या दिवसापुरता रद्द झाला, हंगामाच्या ठरलेल्या शर्यती भरल्या नाहीत, आणि त्याबरोबर त्या वर्षीचं जेतेपदही गेलं. तू गाडीवर ताडपत्री टाकलीस, ती कायमचीच. लोक म्हणाले, डेटलेफला खर्च झेपेना. पप्पाही तेच म्हणतात. तू कुणालाच काही सांगितलं नाहीस, आणि त्या गप्प राहण्याखाली मी सहा वर्षं दबलेली आहे.

गिअरबॉक्स मी आज दुपारी, तू लाकडाच्या गिरणीत असताना, तुझ्या कोठाराच्या दाराशी ठेवला आहे, त्याच घोंगडीत. तुझ्या टाकीची तारीख उलटली असणार. ओट्टमार त्याची जादा टाकी देतोय, बदल्यात काही नको म्हणतो. तुझा परवाना संपला असेल तर लेने तुझी गाडी चालवेल, आमची चार तास मी एकटी चालवीन. रेषा ओलांडली की गाडी मोजली जाते. एक फेरी, मग आत ये. पप्पांना मी खरं सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग, मी तुला अडवणार नाही. ते शनिवारी कुंपणाशी तुझी फळी घेऊन उभे राहणार आहेत. तू नाही म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर मीही म्हटलं असतं. तरी एवढं कर, कोठाराचं दार उघड आणि ताडपत्री काढ.

तुझीच, अजूनही,
आनेग्रेट