या वेळी तुझा नंबर

८ ऑगस्ट, शुक्रवार
ठरलं एकदाचं. परीक्षा ओरॅकलचीच!
पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा विचार सोडला. फुकट मिळतं म्हणून कंपन्या तिकडे वळतायत, असं मी म्हणत होते. सुबोध हसला. "फुकटावर कोण धंदा चालवतं? तुझी सगळी वर्षं ओरॅकलमध्ये गेली. आता पुन्हा बालवाडीत बसणार?"
माझ्याच कंपनीत आहे तो, वरच्या मजल्यावर. काम तेच, डेटाबेस सांभाळायचं. पण मीटिंगांना तो बसतो, मी नाही. त्याला जास्त कळत असणार.
लग्नापासूनचा नियम – एका वेळी एकानंच परीक्षेचा अभ्यास करायचा, दुसऱ्यानं घर बघायचं. मागची परीक्षा त्याची होती. "या वेळी तुझा नंबर," म्हणाला. "मी पुढच्या वर्षी बघतो."
बरं वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
सासूबाई आणि सुबोध गणपतीला गावी गेले. मी मुलुंडलाच. गणपती चुकवायची पहिलीच वेळ. सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. उलट दारात म्हणाल्या, "देव समजून घेता गो. तू अभ्यास कर."

३ सप्टेंबर, बुधवार
बॅकअप, रिकव्हरी. डोकं बधिर. सुबोध परत आलाय, पण ऑफिसातच असतो. शिफ्ट बदलली म्हणे. तरी सकाळी कणीक मळून जातो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
पास!!
सुबोधनं जिलेबी आणली. "झकास! आता तुला कोण हलवतंय?"

२४ सप्टेंबर, बुधवार
ऑफिसचा मेल. मार्चपर्यंत ओरॅकल बंद. सगळं पोस्टग्रेसवर जाणार. नव्या टीममध्ये आमच्या विभागातून एकच जण – सुबोध. गेल्याच आठवड्यात त्याचं पोस्टग्रेस सर्टिफिकेशन पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. खाली फोटो. शर्टाला इस्त्री मी केलेली.
माझी मॅनेजर दर्शना मला टपरीवर घेऊन गेली. "जूनपासून ठरलंय गं. बाहेर बोलायचं नव्हतं – पण नवरा-बायको! त्यानं तुला सांगितलंच असणार. मला वाटलं, तुलाच नको असेल."
"हो," म्हटलं, "नकोच होतं."
का म्हटलं असं?
"मग मार्चनंतर माझं काय?"
"बघू ना यार." चहा तसाच टाकून उठली.

२५ सप्टेंबर, गुरुवार
विचारलं.
"एकच जागा होती, गंधाली. दोघांनी नाव दिलं असतं तर त्यांनी तुला घेतलं असतं."
"म्हणून?"
"म्हणून काय! मी काय घरी बसायचं होतं?"
"मी बसू?"
"तसं नाही गं. तू ना, कशाचाही अर्थ काढतेस."
मग त्यानं टीव्ही लावला. आवाज मोठा.
शिफ्ट बदललीच नव्हती. ऑफिसात बसून अभ्यास करत होता.

२८ सप्टेंबर, रविवार
सासूबाई वाल सोलत होत्या. मी समोर बसले. काही विचारलं नव्हतं.
"माका ठावक होता गो. गणपतीत सांगितल्यान माका. माझ्या झीलाची, सुबोधची नोकरी ऱ्हवाक होयी ना?"
"आणि मला अभ्यास कर म्हणालात, आई."
"तुझो जीव रमलेलो."
मीही वाल सोलायला घेतले. हातांना काहीतरी हवं होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार
तिघं जेवतो. मीठ दे, पाणी दे. आवाज नेहमीसारखेच. याचीच भीती वाटते.

९ ऑक्टोबर, गुरुवार
पवईला मुलाखत. जुनी ओरॅकल सिस्टिम, बदलायचा विचार नाही म्हणतात. शेवटी त्यांनी विचारलं, "शिफ्ट असतात. घरी कोण कोण असतं?"
मी म्हटलं, "मी एकटीच."