तिरक्या झाकणाची चहादाणी

शाम शुई पो, हाँगकाँग
२ जून २०१८

प्रिय आ-हांग,

ताईचा आशीर्वाद. तुझं हृदय, तुझी बायको आणि तुझ्या अंगणातली हिरवळ, तिघंही ठणठणीत असतील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला कोण विचारतंय. आपल्या माउलीच्या, आ-माच्या अस्थींना अस्थिगृहात अजून कोनाडा मिळालेला नाही. या खेपेच्या सोडतीतही आपला नंबर लागला नाही. या शहरात मेल्यावरही माणसाची रांग सुटत नाही. असो.

तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. लेकीचा, विंगलामचा लेख छापून आला, अभिनंदन. तू तीन प्रश्न विचारलेस. लेख कसा वाटला? विंगलामने हिवाळ्यात पुन्हा दहा दिवस यावं का? आणि तिसरा आ-माच्या शेवटच्या सकाळचा. आजी त्या अरुंद पलंगावर झोपेतच गेली, असं ती पुढच्या लेखात लिहिणार आहे, तर त्याबद्दल मी चार ओळी कळवाव्यात म्हणतोस. तिसऱ्याचं नंतर बघू.

लेख वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना इंग्रजी येतं. त्यांच्याकडून शब्द न् शब्द समजावून घेतला. पहिल्याच पानावर माझी खिडकी! माझ्या चड्ड्या बांबूवर वाळताहेत आणि अख्खा कॅनडा त्या बघतोय. खाली लिहिलंय, ‘इथे माणसं खोक्यांत राहतात.’ मास्तर बिचारे हे वाचताना छताकडे बघत होते.

अरे, खोकं काय! त्याच खोक्यात तू अठरा वर्षांचा झालास. वरच्या पलंगावर तू, खालच्यावर आ-मा आणि मी. घडीचं टेबल उघडलं की दार उघडायचं नाही, म्हणून तुझ्या परीक्षेच्या दिवसांत मी जिन्यात बसून लोकांच्या पँटी आखूड करत असे. तेव्हा ते तुला खोकं वाटलं नाही. निदान बोलला तरी नाहीस. आणि तुझी लेक ज्या हॉटेलात उतरली, तिथली खोली माझ्या घरापेक्षा वीतभरही मोठी नव्हती. मी स्वतः बघितली. तिला मात्र तुझी पोरगी ‘किती सुटसुटीत’ म्हणाली.

तेही मी गिळलं असतं. पण माझ्या रोजच्या चहाघराबद्दल तिने जे लिहिलंय, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. ‘एका टेबलाभोवती सहा अनोळखी माणसं कोपराला कोपर लावून खातात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. सत्तर लाख एकटे जीव.’

तिला दहा दिवसांत सत्तर लाखांचं मन कळलं. मला बासष्ट वर्षांत शेजारणीचं कळलं नाही.

तिला सांग, आमच्याकडे भिंती घालायला जागा नाही, म्हणून आम्ही नजर खाली ठेवतो. समोरच्याच्या ताटात डोकावायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तेवढीच त्याला खोली मिळते. हा माणूसघाणेपणा आहे? ही आमची रीत आहे, आणि तुझ्या बापालाही ती येत होती म्हणावं.

पुढे तर कळसच. ‘मी बसताच समोरचे म्हातारे गृहस्थ एक शब्दही न बोलता उठून गेले, जणू मी तिथे नव्हतेच.’ ते मोक आजोबा. मिनीबस चालवायचे, आता निवृत्त आहेत. अकरा वर्षं आमच्या टेबलावर समोर बसतात. आ-मा गेल्यापासून रोज सकाळी लवकर येऊन ते तिच्या स्टुलावर आपला पेपर ठेवतात, कुणी बसू नये म्हणून. मी पोचले की पेपर उचलतात. त्यांनी मला ‘वाईट झालं’ असं कधी म्हटलं नाही. पेपर ठेवतात. तुझ्या लेकीने तो पेपर उचलून बाजूला टाकला आणि त्या स्टुलावर बसून फोटो काढत सुटली. मी तेव्हा हात धुवायला गेले होते. परत येते तो आजोबा गल्ल्यापाशी उभ्याने पाव खाताहेत.

मी क्यूंगला लेख दाखवला. क्यूंग म्हणजे आपला गरम पाण्याची किटली घेऊन फिरणारा वेटर, तू त्याला ओळखतोस, आता केस गेलेत. तो म्हणाला, “ही तीच ना, बाई, जिने तीनदा विचारलं, इथे रिकामं टेबल नाही का?”

“तीच.”

“मग लिहून टाका तिच्या बापाला, रिकामं टेबल बघायचं तर आम्ही बंद झाल्यावर या म्हणावं. स्टुलंही उलटी करून टेबलावर ठेवतो, फोटो छान येईल.”

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. येऊ दे तिला. रागावले असले तरी ती आपली पोर आहे. शेवटच्या दिवशी माझ्या गुडघ्याला तेल चोळून गेली होती. पण हॉटेलात नको. माझ्याकडे राहू दे, वरच्या पलंगावर. मग लिहू दे खोकं.

काळजी घे.

४ जून

पत्र इथेच संपवलं होतं. पाकिटावर पत्ताही घातला. दोन दिवस ते शिवणयंत्रावर पडून आहे आणि मी त्याच्या बाजूने टाके घालतेय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ते टाकवत नाही.

जानेवारीत तू नव्या घराचे फोटो पाठवलेस ना, आ-माने त्यातला न्हाणीघराचा फोटो मजल्यावरच्या प्रत्येकाला दाखवला. संध्याकाळी मी तिच्या चादरी पिळत होते, कंबर मोडली होती, आणि ती पलंगावरून म्हणाली, “बघ गं, आ-हांगचं न्हाणीघर आपल्या अख्ख्या घराएवढं आहे. माणसाने राहावं तर असं.”

मी म्हणाले, “मग जा ना! त्याच्या न्हाणीघरातच जाऊन राहा.”

तिने फोटो उशीखाली सरकवला. मी उरलेली चादर पिळली.

सकाळी चहाला गेलो. भांडण झालं म्हणून सकाळचा चहा कुणी चुकवतं का? शेजारी शेजारी बसलो, कोपराला कोपर लागून. मी पेपर उघडला आणि मधे धरला. आणखी पाणी हवं म्हणून तिने चहादाणीचं झाकण तिरकं करून ठेवलं, क्यूंग आला, पाणी ओतून झाकण लावून गेला. आ-मा नेहमी पाणी ओतलं की टेबलावर दोन बोटं वाजवायची, ‘आभारी आहे’ म्हणून. तुला आठवत असेल, आपल्या घरातसुद्धा वाजवायची. त्या दिवशी बोटं वाजली नाहीत. मला ते कळलं, आ-हांग. मला लगेच कळलं. मी म्हटलं, रुसलीय, रुसू दे, मी पण काही कमी नाही. आणि पान उलटलं.

अख्खा पेपर वाचून काढला. घोड्यांच्या शर्यतीचं पानसुद्धा, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

अकरा वर्षांत माझ्याशी एक शब्द न बोललेले मोक आजोबा शेवटी वाकले आणि म्हणाले, “बाई, तुमच्या आईचा चहा निवून गेलाय.”

भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे. क्यूंगने रुग्णवाहिका बोलावली. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल. लवकर आणलं असतं तर? असं मी त्यांना विचारलं नाही.

त्या वेळी तुझ्या ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. म्हणून झोपेत गेली असं कळवलं. तुझ्या हृदयासाठी कळवलं, असं मी पाच महिने स्वतःला सांगतेय. त्यातलं निम्मं खोटं आहे. तू मला काय म्हणशील, याची मला भीती वाटत होती. अजून वाटते.

विंगलामच्या लेखावर मी एवढी का भडकले, हे आता तुला समजलं असेल. कुणी कुणाकडे बघत नाही, हे तिने पानभर लिहिलं आणि मला वाटलं, पोरीला कुणी सांगितलं?

तिला खरं ते लिहू दे. फक्त माझ्या शहरावर ढकलू नको म्हणावं. त्या टेबलावर माणसं रीत म्हणून बघत नव्हती, तरी त्यातल्या एकाने बघितलं. मी रागापायी बघितलं नाही. माझं नाव घालून लिही म्हणावं.

तू फोन केलास तरी चालेल. नाही केलास तरी मी समजेन.

आ-माच्या अगदी शेजारी बसलेली,
तुझी ताई
साव-युंग