तुमची मुलगी कुठे असते?

प्रिय आई,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

रविवारी चर्चमध्ये माझ्या संडे स्कूलच्या वर्गातल्या मुलांच्या पालकांची सभा घेतली. "मुलांना नुसतं आमच्यावर सोपवू नका, घरीही रोज जवळ घेऊन प्रार्थना करा," असं मी सांगत होते. मागून एक आई म्हणाली, "बाई, तुमची मुलगी कुठे असते?"

"आजीकडे," म्हटलं. आणि सभा अर्धवट सोडून खाली बसले. पाळकांनीच सभा आटोपती घेतली. आता त्या पालकांसमोर उभं राहायचा धीर होत नाही.

आई, परवा तुझ्याकडून फोनवर बोलताना माझी छोटी मला "अहो आई" म्हणाली. असं परक्यासारखं बोलायला तिला कुणी शिकवलं गं?

तुझीच,
थोरली