उंचीचा फायदा

२ जानेवारी १९७३
सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडे विमानांच्या झुंजीवरचं इंग्रजी पुस्तक मिळालं. लेखक म्हणतो, आकाशात विमान जिंकत नाही, मन जिंकतं. मला हे आधीच माहीत होतं. चष्म्यामुळे वायुदलानं मला नाकारलं. नुकसान त्यांचं.
या संक्रांतीला समोरच्या घरातल्या मारोतरावांचा पतंग कापायचाच. गेल्या वर्षी पैजेत हरलो आणि बाबांनी स्वतः घडवलेली मांज्याची सागवानी चकरी त्यांच्या गच्चीवर गेली. ती परत आणणार.

६ जानेवारी
सराव: रोज दहा मिनिटं पापणी न हलवता शत्रूवर नजर. मारोतराव अंगणात दाढी करत होते. त्यांच्या रंभाबाईंनी माझ्या बायकोला, कौशल्येला, विचारलं, तुमचे हे आमच्याकडे काहून पाहून राहिले वं? सराव पहाटेवर ढकलला. जाग आली नाही.

११ जानेवारी
पुस्तकाचं सार: उंची आपली, सूर्य आपल्या पाठीशी. म्हणजे गच्चीवरच्या टाकीवरून लढायचं. कौशल्या म्हणाली, तुमाले स्टुलावर चढून बल्ब तं लावता येत नाही. तिला डावपेच कळत नाहीत.
शिडी मारोतरावांकडूनच आणली. शत्रूला संशयसुद्धा आला नाही.

१४ जानेवारी, सकाळी ९
टाकीवर. मन शांत. खाली पाहिलेलं नाही.

९.२०
सूर्य पाठीशी आहे. वारा समोरून आहे. त्यामुळे पतंग मागे सूर्यात गेला. वळलो. डोळ्यांपुढे अंधारी. पुस्तकात वाऱ्याबद्दल काही नाही.

९.२५
पतंग कापल्याची ‘ओ पार’ आरोळी. कटला तो माझा.

९.४०
शिडी नाही. रंभाबाईंनी नेली, कडुनिंबात अडकलेला पतंग काढायला. त्यांचीच आहे म्हणा.

११
एका हातानं टाकी धरून, दुसऱ्यानं हे लिहीत बसलो आहे. कौशल्येनं खालून तीळगूळ फेकला. झेलायला हात सुटेना.

१२.३०, खोलीत
मारोतराव स्वतः शिडी घेऊन आले. बाबांचे जुने दोस्त. मी मधल्या पायरीवर असताना त्यांनी चकरी पुढे केली. म्हणाले, घे गा, तुह्या बापाची हाये, पैज जाऊ दे. माझे दोन्ही हात शिडीला होते. जिंकल्याशिवाय घेणार नाही, म्हणालो. आवाज ठाम होता. ते बरं म्हणाले आणि चकरी घेऊन गेले.

१५ जानेवारी
कौशल्येनं विचारलं, हात सोडाची भीती वाटली म्हनून नाही म्हनलं ना? तत्त्वाचा प्रश्न होता, असं सांगितलं. ती चहा ठेवून गेली.
पुढच्या वर्षासाठी पुस्तक उघडलं. दोन ओळी वाचल्या.
चकरी हवी होती मला. हातभर अंतरावर होती.